बोधचित्र प्रदर्शनाच्या मांडणीच्या नोंदी : जळगाव, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी २०२५

उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या बोधचित्रांचे प्रदर्शन भरवण्याचे आज नक्की झाले. एकूण २३ विद्यार्थी असून त्यांची ४२ चित्रे आहेत. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाला एक काम दिले होते. घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या हातच्या कामाविषयी विचारायचे, ते जे सांगतील ते साठ ते ऐंशी शब्दांत त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायचे आणि त्या मजकुरासाठी चित्र काढायचे. त्यातून खापरावरचे मांडे आले, कानबाईचे रोट आले, बिबड्या घालण्याची पहाट आली, पावसाळ्यापूर्वी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, टाकायची माती आली, कापसाची वेचणी आणि केळीचे घड उतरवणेही आले.

प्रदर्शन २७ फेब्रुवारी ते २ मार्च असे चार दिवस चालेल. मराठी भाषा गौरव दिनाची तारीख मुद्दाम धरली आहे, कारण यातला निम्म्याहून अधिक मजकूर अहिराणी आणि लेवा बोलीत आहे. २६ तारखेला महाशिवरात्रीची सुटी असल्यामुळे सगळी मांडणी २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पुरी झाली पाहिजे. दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होत असल्याने शेजारच्या शाळेचे मोठे सभागृह मिळणार नाही, म्हणून आपल्याच चित्रवर्गाच्या दालनात भागवायचे आहे.

१० जानेवारी

दालनाची मापे घेतली. लांबी १२ मीटर आणि रुंदी साडेसात मीटर आहे. पश्चिमेची लांब भिंत खिडक्यांची असल्याने बाद झाली. पूर्वेची १२ मीटरची भिंत सलग मिळते. दक्षिणेच्या भिंतीत दीड मीटरचे दार असल्यामुळे तिथे ६ मीटर उरतात, आणि उत्तरेला फळा असल्यामुळे साडेचार. म्हणजे चित्रे लावण्याजोगी भिंत एकंदर २२.५ मीटर आहे.

सर्व चित्रे ए-३ आकाराची, म्हणजे २९.७ गुणिले ४२ सेंटिमीटरची असून उभी आहेत. वर आणि दोन्ही बाजूंना ६ सेंटिमीटर व खाली ८ सेंटिमीटर कोरी कड धरली, तर माउंट, म्हणजे चित्रामागचा बोर्ड, ४१.७ गुणिले ५६ सेंटिमीटरचे होते. खालची कड वरच्यापेक्षा थोडी मोठी ठेवावी लागते, नाहीतर चित्र माउंटमध्ये खाली घसरल्यासारखे दिसते. दोन चित्रांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर सोडले तर ४२ चित्रांना २८ मीटर भिंत लागेल, आणि आपल्याकडे साडेपाच मीटर कमी आहे. तूर्त पूर्वेच्या भिंतीवर दोन ओळी करण्याचे ठरवले. मजकूर क्रमांकवार छापून प्रवेशद्वाराशी एका मोठ्या फलकावर लावायचा आणि चित्राखाली फक्त क्रमांक द्यायचा, असा आराखडा आहे.

१७ जानेवारी

भिंतीवर काहीही चढवण्याआधी सर्व मूळ चित्रांची छाननी आणि स्कॅनिंग पुरे करण्याचा नियम केला. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-३ चित्राची प्रतिमा ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेलची होते. पुस्तकाच्या छपाईला ती पुरेशी असते. विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणे वाटू लागले तेव्हा त्यांना अजिंठ्याची हकिकत सांगितली. येथून अवघ्या साठेक किलोमीटरवर असलेल्या त्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे खपून तयार केल्या, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नव्याने प्रती केल्या, त्यांतीलही बऱ्याच लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची नावेदेखील आपल्या तोंडी नाहीत. ते आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे असतील, हे मनात आले की मला अजूनही वाईट वाटते. यानंतर स्कॅनिंगचे काम दोन दिवसांत संपले.

२५ जानेवारी

माउंटिंगला सुरुवात झाली. चित्राची पाठ सनबोर्डाला दुहेरी चिकटपट्टीने किंवा फेविकॉलने सरसकट चिकटवण्याची सवय सर्वांना आहे, आणि ती मोडावी लागली. सरसकट चिकटवलेला कागद पुन्हा सुटत नाही. शिवाय जलरंगाचा कागद हवेतील ओलाव्याप्रमाणे थोडा आकसतो आणि फुगतो, त्याला हलायला जागा उरली नाही की तो लाटा धरतो. म्हणून फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ हातकागदाच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या लावायच्या आणि चित्र त्यांवर मोकळे लोंबू द्यायचे. चिकटवायला मैद्याची खळ रोज सकाळी ताजी शिजवली. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, तसे आपण केले नाही, कारण कागदावर त्याचा डाग उमटण्याची भीती असते आणि ही चित्रे महिन्याभरात पुन्हा घरी जायची आहेत. खळ पाण्याने भिजवली की बिजागरी सुटते, हाच तिचा मोठा गुण आहे.

आज १४ चित्रे झाली. कटरने सनबोर्ड कापताना पाते दर चार कापांनंतर बदलावे लागते, नाहीतर आतला फोम फाटून कड खरबरीत येते.

३१ जानेवारी

विद्यार्थ्यांना घेऊन चाळीसगावला गेलो आणि स्टेशनाजवळचे केकी मूस यांचे घर पाहिले. मूस (१९१२–१९८९) यांची मेजावर छोट्या वस्तू मांडून घेतलेली छायाचित्रे पाहताना प्रकाश कोणत्या बाजूने आला आहे, याचीच चर्चा परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत चालली होती; जळगाव मागे गेल्याचे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

४ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आजपर्यंतचा आराखडा चुकीचा होता हे आज कळले.

सहा चित्रे पूर्वेच्या भिंतीवर दोन ओळींत लावली, मजकुराचा फलक दाराशी ठेवला आणि दुसऱ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना, कार्यालयातील मंडळींना, शिपाईमामांना आणि सफाईचे काम करणाऱ्या दोघी मावशींना बोलावून नुसते पाहत राहिलो. प्रत्येक जण चित्रापाशी जेमतेम आठ-दहा सेकंद थांबला. खालच्या ओळीकडे फारसे कोणी पाहिले नाही. फलकाशी जाऊन क्रमांक शोधून मजकूर वाचला आणि पुन्हा चित्राकडे परतून आला, असा एकही माणूस निघाला नाही. कार्यालयातील एकांनी "रंग छान आहेत" असे म्हटले. हा अभिप्राय प्रेमाचा होता, पण ऐकून मला काळजीच वाटली.

नंतर एका मावशींना सहज दाखवावे म्हणून मी धाब्याचे चित्र भिंतीवरून काढून मेजावर ठेवले आणि शेजारी मजकुराचा छापील कागद ठेवला. त्या वाकल्या, एक हात मेजावर टेकवला, मजकूर हळूहळू मोठ्याने वाचला, पुन्हा चित्राकडे वळल्या आणि धाब्यावर माती टाकणाऱ्या बाईच्या डोक्यावरील पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, माती वर चढवताना शिडीवर दोघी लागतात. एक खालून देते, एक वरून घेते." चित्रात शिडीवर एकच बाई आहे. मजकुरात मात्र "आम्ही दोघी जावा" असे स्पष्ट लिहिलेले आहे. वर्गात चित्र तपासताना ही विसंगती माझ्याही नजरेतून सुटली होती, कारण मीसुद्धा चित्र एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे वाचला होता.

बोधचित्र मजकुराला धरून जन्मते आणि त्याचे खरे घर पुस्तकाचे पान असते. ते हातभर अंतरावरून, मान खाली घालून, वाचता वाचता पाहायचे असते. भिंतीवरच्या तैलचित्रासारखे ते टांगले की त्याची निम्मी बाजू आपणच कापून टाकतो. ही गोष्ट मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे, आणि मांडणी करताना मात्र मीच मजकुराला दाराशी नेऊन उभे केले. १० जानेवारीच्या हिशोबात मजकुरासाठी एक सेंटिमीटरही जागा धरलेली नव्हती.

धाब्याच्या चित्रात दुसरी जाऊ रेखाटून ते नव्याने करायला विद्यार्थ्याला चार दिवस दिले आहेत.

५ फेब्रुवारी

नवा हिशोब मांडला. मजकुराची पाटी ए-५ आकाराची, म्हणजे १४.८ सेंटिमीटर रुंदीची ठेवून ती चित्राच्या उजवीकडे ३ सेंटिमीटरवर लावायची. म्हणजे प्रत्येक चित्राला अंतरासह ८४.५ सेंटिमीटर लागतात आणि ४२ चित्रांना साडेपस्तीस मीटर. तितकी भिंत नाही, आणि दोन ओळी आता नकोतच.

म्हणून १८ चित्रे उतरत्या मेजांवर घेण्याचे ठरले. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या तीन पाट्या उभ्या चिरल्या की २.४४ मीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असे सहा फळे मिळतात. प्रत्येक फळ्यावर तीन चित्रे आणि त्यांचे तीन मजकूर मोकळेपणाने मावतात. उरलेली २४ चित्रे भिंतीवर एका ओळीत २०.३ मीटरमध्ये बसतात आणि प्रास्ताविकासाठी दोन मीटर शिल्लक राहतात. ज्या विद्यार्थ्यांनी एकाच कामाच्या तीन पायऱ्या तीन चित्रांत दाखवल्या आहेत, त्या सहा जणांना मेजे दिली, कारण त्यांची चित्रे डावीकडून उजवीकडे ओळीने वाचायची आहेत. भिंतीवर कोणाला आणि मेजावर कोणाला यावरून थोडी नाराजी झाली. भिंत म्हणजे मान आणि मेज म्हणजे दुय्यम, हा समज मुलांच्या मनात फार खोल आहे. त्यांना कालचा धाब्याचा प्रसंग पुन्हा सांगितला आणि प्रत्येकाला आपले चित्र दोन्ही ठिकाणी ठेवून पाहायला लावले. त्यानंतर भिंत मिळालेल्या दोघांनीच मेजाची मागणी केली, ती मान्य करता आली नाही.

११ फेब्रुवारी

मिस्त्रींनी प्लायवूडचे फळे चिरून आणले. वर्गातील बाकांवर लाकडी पाचरी ठोकून फळ्यांना वीस अंशांचा उतार दिला. पुढची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर येते आणि मागची ९१ वर. शाळकरी मूल उभ्याने पाहू शकते, चाकाच्या खुर्चीतील माणसाचे गुडघे मेजाखाली जातात, आणि ज्यांना उभे राहवत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक मेजापुढे दोन स्टुले ठेवायची आहेत. माउंट घसरू नये म्हणून पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली. मिस्त्रींनी आपण होऊन सर्व कडा पॉलिश पेपरने घासून दिल्या, "म्हाताऱ्या माणसांच्या साड्या अडकतील" असे म्हणाले. हे आमच्या यादीत नव्हते.

१४ फेब्रुवारी

मजकुराच्या पाट्यांचे मुद्रितशोधन झाले. येथे सर्वांत अवघड प्रश्न बोलीच्या लेखनाचा होता. काही विद्यार्थ्यांनी घरी ऐकलेली अहिराणी वाक्ये कागदावर उतरवताना "शे" चे "आहे" आणि "आंडेर" चे "मुलगी" करून टाकले होते. तोंडाने जे सांगितले गेले तेच छापावे, अडणारा एखादा शब्द असल्यास त्याचा अर्थ पाटीच्या तळाशी लहान अक्षरात द्यावा, असा निर्णय घेतला. बहिणाबाई चौधरी इथल्याच आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्या इतरांनी उतरून ठेवली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. उतरून घेणाऱ्याने बोली पुसली असती तर आज आपल्या हाती काय उरले असते, एवढेच मी वर्गात विचारले.

श्रेयाचा क्रमही ठरला. प्रत्येक पाटीवर आधी "सांगणार" म्हणून त्या आजी, मामा किंवा काकूंचे नाव, आणि त्याखाली "चित्र" म्हणून विद्यार्थ्याचे नाव येईल. नावे छापण्यापूर्वी घरोघरी विचारून संमती घेतली. एका आजींनी नाव नको म्हटले, तिथे "शेजारच्या आजी" असे छापले आहे. अक्षर १८ पॉइंटचे ठेवले आहे. आधी ठरवलेले १४ पॉइंट चष्मा विसरून आलेल्या माणसाला पुरत नाहीत.

१८ फेब्रुवारी

पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारी तीननंतर ऊन थेट पूर्वेच्या भिंतीवर पडते. सर्व खिडक्यांना मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावले. कागदावरील चित्रांसाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्स प्रकाश धरतात. तेवढ्या उजेडात साठीच्या पुढच्या माणसाला मजकूर वाचता येत नाही, आणि आपले प्रदर्शन मुख्यतः त्यांच्याचसाठी आहे. रंग उडणे हे एकूण मिळालेल्या प्रकाशावर अवलंबून असते. रोज आठ तास, चार दिवस आणि १५० लक्स धरले तर ४८०० लक्स-तास होतात, म्हणजे संग्रहालयाच्या उजेडातील बारा दिवसांइतके. एवढे सोसण्यासारखे आहे. स्केचपेनची शाई मात्र लवकर उडते, म्हणून त्या तीन चित्रांना उत्तरेची, सर्वांत कमी उजेडाची भिंत दिली.

एलईडी दिवे उभ्या रेषेपासून तीस अंशांच्या कोनात वळवले. त्याहून सरळ केले तर माउंटची सावली चित्रावर लांबते, आणि अधिक तिरपे केले तर पाहणाऱ्याची स्वतःची सावली चित्रावर पडते. काच कुठेच लावलेली नाही. मेजांवर हात लागणारच, हे धरून प्रत्येक मेजावर त्या तीन चित्रांची छापील पुस्तिका दोरीने बांधून ठेवायची आहे, म्हणजे चाळायला काहीतरी हातात राहील. बोधचित्राचे छापलेले रूप हे त्याचे पूर्ण रूप असते, तेव्हा मूळ चित्राशेजारी छपाई ठेवण्यात कमीपणा काही नाही, उलट विद्यार्थ्यांना आपल्या पातळ रेषा छपाईत कुठे बुजल्या हे तिथेच दिसेल.

२१ फेब्रुवारी

पूर्वेच्या भिंतीवर फोमच्या चिकटपट्टीने नऊ माउंट लावले. चिकटपट्टीच वापरावी, असा माझाच आग्रह होता.

२२ फेब्रुवारी

सकाळी दालन उघडले तेव्हा चार माउंट खाली पडलेले होते. भिंतीचा जुना रंग भुकटी होऊन पट्टीसकट निघून आला होता. चित्रे बिजागऱ्यांवर असल्यामुळे वाचली, एका माउंटचा कोपरा तेवढा मोडला. भिंतीत खिळे ठोकण्याची परवानगी नाही. मात्र तिन्ही भिंतींवर छताखाली पूर्वी नकाशे टांगण्यासाठी ठोकलेली सागवानी पट्टी आहे, तिच्याकडे इतके दिवस कोणी मान वर करून पाहिलेच नव्हते. सर्व २४ माउंट त्या पट्टीवरून तंगुसाने टांगायचे ठरले. प्रत्येकाला दोन टोकांना दोन दोऱ्या दिल्या, कारण एका दोरीवर माउंट पंख्याच्या वाऱ्याने फिरत राहते.

पातळीसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली. जमिनीपासून टेपने मापे घेतली असती तर ओळ वाकडी झाली असती, कारण दालनाची फरशी बारा मीटरमध्ये तीन सेंटिमीटर उतरलेली आहे, हे नळीमुळे उघड झाले. चित्रांचा मध्य १४० सेंटिमीटरवर ठेवला. कलादालनांत तो १४५ ते १५० वर धरतात, पण आपल्याकडे मुले आणि आजीबाई अधिक येतील.

२५ फेब्रुवारी

तंगूस वजनाने ताणला जातो, म्हणून काल टांगलेले सर्व माउंट आज पुन्हा पाण्याच्या नळीने तपासून वर घेतले. सात माउंट अर्धा ते एक सेंटिमीटर उतरले होते. संध्याकाळी साडेसातला दालनाला कुलूप लावले.

२७ फेब्रुवारी

प्रदर्शन सुरू झाले. मेजांपुढची स्टुले दिवसभर रिकामी राहिली नाहीत.

१ मार्च

ज्यांना वाचता येत नाही अशा पाहुण्यांसाठी दुपारी चार ते पाच हा वाचनाचा तास ठेवला होता. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात, तसेच प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मेजाशी उभे राहून मजकूर मोठ्याने वाचायचा होता. आरंभी मुलांचे आवाज फुटत नव्हते, अहिराणी वाचताना तर अधिकच, कारण महाविद्यालयात ही बोली मोठ्याने बोलायची त्यांना सवय नाही.

मांड्यांच्या मेजाशी एक आजी बराच वेळ बसून होत्या. विद्यार्थिनीने तिन्ही मजकूर वाचून संपवल्यावर त्यांनी मधल्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "खापर पालथं ऱ्हास, माय." चित्रात खापर कढईसारखे उताणे होते. मजकुरात खापराचा उल्लेख होता, पण ते पालथे ठेवतात हे सांगणाऱ्यांनी गृहीत धरले होते आणि विद्यार्थिनीने घरात गॅसवरचा तवाच पाहिलेला होता. मग त्या आजींनी दोन्ही हात पुढे करून, मांडा मनगटांवरून कोपरापर्यंत कसा पसरत नेतात आणि पालथ्या खापरावर कसा अलगद सोडतात, ते दाखवले. विद्यार्थिनीने पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर तिथल्या तिथे पेन्सिलीने सात-आठ रेखाटने केली. माझ्या मते या प्रदर्शनातील सर्वांत चांगली रेखाटने तीच आहेत.

३ मार्च

मांडणी उतरवली. ४२ मूळ चित्रे मोजून, बिजागऱ्या ओल्या कापडाने सोडवून परत केली. तंगुसाची वेटोळी, पडदे आणि दिवे कपाटात गेले. सहा मेजे ग्रंथालयाने मागून घेतली, तिथे त्यांवर वर्तमानपत्रे ठेवणार आहेत. मांड्यांच्या चित्राची मूळ प्रत विद्यार्थिनीने घरी नेली नाही. ती आणि पेन्सिलीची पाने समोर ठेवून तिने आज दुपारीच नवा कागद ताणायला घेतला आहे, आणि रविवारी त्या आजींच्या घरी जाऊन खापर प्रत्यक्ष पाहण्याचे ठरवले आहे.